खोडील घोडा आणि मदतीला आलेलं घरचं माणूस

खोगीर चढवून झालं, तंग आवळला, रिकिबीत पाय ठेवला की घोडा दोन पावलं बाजूला सरकतो. स्वार पाय काढून घेतो, लगाम ढिला करतो, पुन्हा प्रयत्न करतो. घोडा पुन्हा सरकतो. काही दिवसांनी रिकीब नुसती हलली तरी तो मागे हटतो, मग एखाद्या दिवशी मागच्या पायांवर उभा राहतो आणि घरात त्याचं नाव 'खोडील' पडतं. पण घोड्याच्या बाजूने पाहा. पाठीवर येऊ घातलेलं ओझं आणि तोंडातली ओढ, दोन्ही त्रास तो सरकल्याबरोबर थांबले. म्हणजे सरकणं हेच बरोबर उत्तर, असं आपणच त्याला पुन्हा पुन्हा सांगत आलो.

घोड्याला शिकवण्याची बहुतेक सगळी पद्धत दाब देणं आणि सोडणं यावर चालते. टाचेचा दाब, लगामाची ओढ, मोरकीवरचा ताण, सगळ्यांचं तंत्र तेच. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. 'ऋण' म्हणजे शिक्षा नव्हे, काहीतरी काढून घेणं. दाब सैल होतो त्या क्षणी घोडा जे करत असतो, ते तो पुढच्या वेळी लवकर करतो. दाब त्याला फक्त हलायला लावतो. कुठे हलायचं, हे सुटकेच्या क्षणी ठरतं. तो क्षण जरा हुकला की भलताच धडा पक्का होतो.

हे सगळं सुरू करण्याआधी पशुवैद्य. त्रास देणारा घोडा अनेकदा दुखणाईत असतो: पाठ, दात, जठरातले व्रण, नीट न बसणारं खोगीर. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या वागण्यातल्या 24 खुणांची यादी केली आहे. त्यातल्या 8 किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. दुखणाऱ्या पाठीला शिस्त लावता येत नाही, आणि मला विचाराल तर 'हट्टी' हा शब्द तपासणी होईपर्यंत वापरूच नये.

तपासणीत काही सापडलं नाही की घरच्या माणसाचं काम सुरू होतं. समजा घोडा मुलीचा आहे आणि मदतीला वडील आले आहेत. त्यांचं काम घोड्याला घट्ट धरून ठेवणं नाही, पाहणं आहे. रिकिबीत पाय घालताना मुलीचं लक्ष खोगिरावर असतं. घोड्याचे डोळे आणि ओठ तिला दिसत नाहीत. वडिलांना दिसतं: कान मागे वळले, ओठ आवळले, मान उंच झाली, वजन मागच्या पायांवर गेलं. सरकण्याची तयारी ही अशी आधी दिसते. मुलीने पाय उचलला, घोडा एक श्वासभर स्थिर राहिला, की त्याच क्षणी वडील म्हणतात, "सोड." ती पाय खाली घेते. घोडा सरकायच्या आधी. पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटेल, पण उत्तर बदलतंय ते इथेच: आता स्थिर उभं राहिल्याने त्रास थांबतो.

वडिलांनी उभं राहायचं ते घोड्याच्या खांद्याशी, जरा बाजूला. घोड्याला जवळजवळ 350 अंशांचं दिसतं, पण बरोबर मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. समोरून हात नेऊन कपाळ थोपटणं त्याला माणसाला वाटतं तितकं प्रेमळ वाटत नसावं.

घोडा माणसाची हालचाल किती बारकाईने टिपतो, हे बर्लिनमधल्या 'हुशार हान्स'ने दाखवून दिलं. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये उलगडा केला: उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स थांबायचा. स्वीडनमधला 2009 चा एक प्रयोग आणखी कामाचा. घोडा नेणाऱ्यांना, तसंच त्यावर बसणाऱ्यांना सांगितलं होतं की शेवटच्या फेरीत शेजारी छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. पडलेल्या स्वाराच्या अंगात ती छत्री कायम असते. न पडलेल्या माणसाच्या अंगात ती नसते, म्हणून पहिले काही दिवस घोडा त्याच्या हातात द्यावा.

बुजणाऱ्या घोड्याबाबत डेन्मार्कमध्ये 27 तरुण घोड्यांवर झालेला, 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. भीतीची वस्तू एकदम अंगावर आणणं, खाऊबरोबर दाखवणं आणि लहान लहान पायऱ्यांनी जवळ आणणं, अशा तीन पद्धती ताडून पाहिल्या. पायऱ्यांची पद्धत सरस ठरली: पळापळ कमी, आणि त्या गटातले सगळे घोडे शिकले.

पायरी जड झाली का, हे वडील जबड्याच्या खालच्या कडेशी बोटं ठेवून नाडीवरून पाहू शकतात. 15 सेकंद मोजून चारने गुणायचं. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात. नुसतं उभं असताना ते बरेच वर गेले असतील तर एक पायरी मागे. त्या वेळी अयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच चावत-खाजवत असतात, आणि तिथे खाजवल्याने ठोके कमी होतात हे 1993 मध्ये मोजून दाखवलेलं आहे.

आता घरचीच अडचण. जुना धडा पुसला जात नाही, फक्त त्याच्यावर नवा चढतो. विश्रांतीनंतर विझलेली सवय पुन्हा डोकं वर काढते, हे पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांमध्ये दाखवलं होतं. घोड्यांतही तसंच होतं. त्यात वडील आणि मुलगी एका नियमाने चालले, पण अधूनमधून येणाऱ्या काकांनी "जाऊ दे, बिचारा दमलाय" म्हणत घोडा सरकल्यावर त्याला तबेल्यात नेलं, तर ते नेहमी सोडण्यापेक्षा वाईट. कधी फळ मिळतं, कधी नाही, अशी सवय सगळ्यात चिवट असते. काकांना नियम समजावणं हे घोडा शिकवण्यापेक्षा अवघड असू शकतं; पण समजत नसेल तर त्यांच्या हाती लगाम देऊ नये.

शिवाय घोडा जे शिकतो ते माणसासकट आणि जागेसकट शिकतो. वडिलांजवळ शांत उभा राहणारा घोडा मुलीजवळ तसाच राहील असं नाही. म्हणून वडील आधी खांद्याशी, मग चार पावलं दूर, मग कुंपणाबाहेर; मग नुसती मुलगी. जागा बदलली की पुन्हा रिकीब हलवण्यापासून सुरुवात, फक्त आता पायऱ्या भराभर ओलांडल्या जातात.