क्यूच्या चॉकवरच्या घरगुती उचापतींमागची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरकडच्या पूल पार्लरांत (पूल हा बिलियर्ड्सचाच एक प्रकार) मिसक्यूच्या, म्हणजे फटका मारताना काठी बॉलवरून निसटल्याच्या, तक्रारी वाढतात. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकावरच्या चामड्याच्या टिपवर चॉक बसत नाही, टिप घसरते, आणि मग एखादा पोरगा खिशातून स्वतः 'तयार' केलेली वडी काढतो. कुणी ती हीटरपुढे ठेवून सुकवलेली असते, कुणी कुटून परत साच्यात दाबलेली, कुणी त्यात काहीबाही मिसळलेलं. बाकीचे हसतात. पण क्यूच्या चॉकचा दोनशे वर्षांचा इतिहास असल्याच उचापतींचा आहे. बेळगावातली मंडळी त्यातली एकेक पायरी नकळत पुन्हा चढत असतात, आणि बहुतेक जण १८९७ च्या अलीकडे येतच नाहीत.

चॉकचं काम मुळात किती बारीक आहे ते आधी बघू. टिप आणि बॉल एकमेकांना भिडतात ते साधारण एक हजारांश सेकंद. तेवढ्यात चामडं घसरलं नाही तर बॉलला फिरकी मिळते. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा. त्याच्या मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, बाजूला मारता येतं. त्यापुढे चॉक कितीही लावा, मिसक्यू ठरलेला. 'माझ्या मसाल्यानं कडेला मारलं तरी चालतं' असं कुणी सांगू लागला तर त्याच्याशी पैज लावायला हरकत नाही.

ही गरज निर्माण झाली ती चामड्याच्या टिपमुळे. फ्रेंच सैन्यातला कॅप्टन फ्रांस्वा मॅंगो राजकीय कैदी म्हणून पॅरिसच्या तुरुंगात होता. तिथं बिलियर्ड्स खेळता खेळता त्यानं क्यूच्या टोकाला चामडं बसवण्याची युक्ती पक्की केली; १८०७ पर्यंत ती सिद्ध झाली होती. चामड्यामुळे बॉल फिरवता येऊ लागला. पण चामड्याला पकड हवी, म्हणून खेळाडू टोक पांढऱ्या खडूत घासू लागले, नाहीतर सरळ भिंतीच्या किंवा छताच्या गिलाव्यात फिरवून घेऊ लागले. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॅक कार नावाचा मार्कर, म्हणजे टेबलाशी गुण मोजणारा माणूस, होता. बॉलला फिरकी देऊन तो लोकांना थक्क करी आणि फिरकी आणणारी जादूची पूड म्हणून डब्या विकी. डबीत असे साधा खडू. आपल्याकडे 'स्पेशल चॉक' म्हणून खपवणारा जो एखादा असतो, त्याचा हा मूळपुरुष समजावा.

खरा बदल घडवला तो दोघा अमेरिकनांनी. विल्यम स्पिंक्स हा व्यावसायिक बिलियर्ड्सपटू. त्याला फ्रान्समध्ये मिळालेला एक खडूसारखा तुकडा भलताच आवडला. तो त्यानं शिकागोतला रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स याच्याकडे नेला. तपासणीत निघालं की तो खडू नव्हेच, सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या परिसरातला पदार्थ आहे. मग दोघांनी खटपट करून सिलिका आणि थोडं कोरंडम, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, यांचं मिश्रण बसवलं. ९ मार्च १८९७ रोजी त्याचं पेटंट मिळालं. आज जी निळी-हिरवी चौकोनी वडी आपण टेबलाच्या कडेवर ठेवतो, ती याच वंशातली. खडू तिच्यात औषधालाही नाही. स्पिंक्स पुढे कॅलिफोर्नियात अ‍ॅव्होकाडोची बाग करू लागला. हॉस्किन्सच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट मार्शनं निक्रोमची तार काढली, जी आपल्या हीटरच्या कॉइलमध्ये असते. म्हणजे ओलं चॉक हीटरपुढे सुकवणारा पोरगा दोन्ही बाजूंनी हॉस्किन्सचाच देणेकरी.

बेळगावात हा खेळ कॅम्पातून आला हे उघड आहे. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे छावणी वसली, आणि छावणी तिथं बिलियर्ड्सचं टेबल हा त्या काळचा शिरस्ता. स्नूकर तर हिंदुस्थानातल्या छावणीतच जन्मला, १८७५ साली जबलपुरात. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, तोवर बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं होतं. आता राज्य स्पर्धेसाठी पाचशे किलोमीटरवरचं बेंगळुरू गाठावं लागतं, कोल्हापूर मात्र शंभर-सव्वाशेवर. माल मागवताना पोरं कुठली वाट धरतात ते सांगायला नको.

क्लबात चॉक मार्कर पुरवायचा, त्यामुळे ते बदलायचा प्रश्न येत नसे. ही हौस कॉलेजांजवळ पार्लरं निघाल्यावर वाढली. गणपती झाले की उरलेल्या पीओपीत निळा रंग कालवून वड्या पाडायचा उद्योग हा सगळ्यात सोपा. टिपवर छान पसरतात, दिसतात झकास, आणि दोन स्ट्रोकमध्ये उडून जातात. पीओपी मऊ आहे, त्याला धार नाही. रांगोळीचंही तेच.

जास्त डोकं लावलं ते उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्यांनी. त्यांच्या हाताशी सिलिकाची वाळू, तिला बांधणारी बेंटोनाइट माती. साचा करायची हीच रीत, मग वडी का होऊ नये? कल्पना अगदी हॉस्किन्सच्या वळणाची. त्यात गंमत अशी की चॉकमधला दुसरा घटकही बेळगावचाच: यमनापूरला हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिना, म्हणजे तेच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, काढायचा कारखाना आहे, आणि त्याला कोल्हापूरच्या डोंगरातलं बॉक्साइट हे खनिज येत आलं आहे. एवढं असूनही घरची वडी फसते, कारण दाण्याचा आकार. ओतकामाची वाळू बोटांत घेतली तर कण न् कण मोजता येईल इतकी जाड. चॉकची पूड नखाच्या रेषांत जाऊन बसते. जाड दाणा टिपमध्ये रुतत नाही, बॉलवर ओरखडे काढतो आणि टेबलावरचं कापड खातो.

कॅरममधून आलेल्यांची अडचण उलटी. हाताची बोरिक पावडर टिपला लागली की पकड गेलीच, मग कुठलंही चॉक घ्या. "हात धू की रे आधी," असं मार्कर ओरडतो ते उगीच नाही.

अलीकडे प्रयोगांची दिशा बदलली आहे. आता पकड वाढवायची नसून धूळ कमी करायची आहे. दोन बॉल भिडतात तिथंच चॉकचा डाग आला तर ते क्षणभर चिकटतात, बॉल उडतो किंवा ठरल्या रेषेतून फुटतो. स्नूकरवाले याला किक म्हणतात. फिनलंडच्या टाओमनं धूळ कमी सोडणारं चॉक आणलं आणि मोठे खेळाडू तिकडे वळले. ते आपल्या खिशाला जड, म्हणून इकडे साध्या वडीत मेण किंवा तेलाचा थेंब मुरवून पाहतात. धूळ बसते खरी, पण टिप तुळतुळीत होते आणि नवी बसवावी लागते. त्यात काय वाचलं?

वडी मिक्सरमध्ये दळणाऱ्यांना मात्र हसण्यावारी नेऊ नये. बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन काय करते हे फौंड्रीवाल्यांच्या घरी विचारा. शिवाय काही जुन्या चॉकमध्ये शिसं असल्याचं १९९६ मध्ये अमेरिकेतल्या तपासणीत आढळलं होतं, आणि घरात लहान मूल असेल तर निळी वडी त्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. पार्लरवाल्यांची हरकत वेगळीच: घरचं चॉक आणलं तर टेबल मिळणार नाही, कारण कापड बदलायचा खर्च त्यांच्या माथी येतो.