थ्रो शिकताना : ज्युदोची मॅट आणि गी घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

मॅटची चौकशी करायला येणारे पालक आणि क्लासचे सर हमखास एक प्रश्न विचारतात, "किती जाड मॅट टाकली म्हणजे पोरांना लागणार नाही?" आमचा धंदा मॅट बसवण्याचा आणि गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, शिवण्याचा. त्यामुळे "घ्या सगळ्यांत जाड" हे उत्तर आमच्या सोयीचं आहे, पण ते खरं नाही. मॅट धक्का कमी करते, बाकी काही करत नाही. पडणारा कसा पडणार हे त्याची मान ठरवते आणि फेकणाऱ्याचा बाहीवरचा हात ठरवतो. म्हणून मालासोबत हा कागद देतो. सरांची जागा तो घेणार नाही. सर एखादी गोष्ट पुन्हापुन्हा का करून घेतात आणि एखादी का करू देत नाहीत, हे घरी कळावं एवढ्यासाठी तो आहे.

उदाहरणाला एकच थ्रो घेऊ, ओसोतो-गारी. समोरच्याच्या बाहेरच्या अंगाला पाऊल टाकायचं, त्याचा तोल मागच्या कोपऱ्यात न्यायचा आणि आपला पाय मागून घालून त्याचा भार असलेला पाय छाटायचा. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी देवळात बारा तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. १८९५ मध्ये तिथे थ्रोंची 'गोक्यो' ही क्रमवार मांडणी झाली आणि १९२० मध्ये ती सुधारली गेली. या सुधारलेल्या मांडणीच्या पहिल्याच गटात, आठ थ्रोंमध्ये, ओसोतो-गारी आहे. त्यामुळे तो 'सुरुवातीचा थ्रो' समजला जातो. दिसतोही सोपा. वळायचं नाही, पाठीवर घ्यायचं नाही, नुसता पाय घालायचा, असं पोरांना वाटतं.

हाच थ्रो नवशिक्यांना सगळ्यांत महागात पडलेला आहे. जपानमध्ये १९८३ पासूनच्या साधारण तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. २०१२ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची झाली, तेव्हा या आकड्यावरून मोठा गदारोळ झाला. मृत्यूंचं मुख्य कारण डोक्याची इजा होतं, त्यात पहिल्या वर्षाची, नुकती शिकू लागलेली मुलं पुष्कळ होती, आणि अशा इजांमध्ये ओसोतो-गारीचं नाव वारंवार आलं. कारण उघड आहे. खांद्यावरून किंवा कमरेवरून फेकलेला माणूस गोल फिरून पडतो. ओसोतो-गारीत तो सरळ मागे जातो, त्यामुळे मान सैल राहिली की डोक्याची मागची बाजू शेवटच्या क्षणी झटक्यानं खाली येते. मेंदू आणि त्याच्या वरचं आवरण यांच्यामध्ये बारीक शिरा असतात. त्या झटक्यानं ताणल्या जाऊन फाटू शकतात आणि आत रक्त साचतं. हे डोकं मॅटला न आपटताही होऊ शकतं. चार सेंटीमीटरऐवजी सहा सेंटीमीटरची मॅट टाकून हा धोका जात नाही, तो यामुळे.

आधी पडायला शिका

पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात, क्लासमध्ये बहुतेक जण ब्रेकफॉल म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला आणि नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर. पाठ गोल. हात अंगापासून तीस ते पंचेचाळीस अंशांवर, तळवा खाली, पूर्ण हातानं मॅटवर थाप. हात खांद्याच्या रेषेत किंवा त्याहून वर गेला तर खांदा दुखावतो. थापेच्या वेळी श्वास सोडायचा, दात मिटलेले, जीभ आत. क्रम असा असतो: आडवं पडून नुसती मान उचलणं, मग बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, मग कोलांटी घेऊन. मुलाला आडवं झोपवून मान उचलून धरायला सांगा. ती थरथरायला लागली तर त्याला मागे फेकायची वेळ अजून आलेली नाही. "पंधरा दिवस झाले, अजून नुसतं पडायलाच शिकवतायत" अशी तक्रार करणाऱ्या पालकांना आमचं सांगणं, तो क्लास चांगला आहे, बदलू नका.

आपल्याकडे एक वेगळी अडचण येते. कोल्हापूर-सांगलीकडची बरीच मुलं तालमीतून ज्युदोत येतात. अंगात ताकद असते, तोल कळतो, डाव लगेच उचलतात. पण कुस्तीत पाठ लागली की चीतपट, म्हणून पाठ वाचवणं त्यांच्या हाडात मुरलेलं असतं. फेकलं की पोरगा हात मागे टेकतो किंवा मानेवर कमान करतो. हात टेकला तर मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जातं, मानेच्या कमानीत काय जाऊ शकतं ते लिहायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतही अशा कमानीवर उतरणाऱ्याच्या विरुद्ध सरळ इप्पोन (लढत संपवणारा पूर्ण गुण) देतात, म्हणजे पाठ वाचवून उपयोगही नाही. तालमीतल्या मुलाला ब्रेकफॉलला इतरांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, कारण त्याला आधी जुनं विसरायचं असतं.

थ्रो आणि बाहीवरचा हात

फेकणारा तो तोरी, पडणारा तो उके. पुढचं वर्णन उजव्या हाताच्या तोरीचं आहे. उजव्या हातात उकेची डावी कॉलर, साधारण गळपट्टीच्या हाडाच्या उंचीवर. डाव्या हातात त्याची उजवी बाही, कोपराजवळ बाहेरच्या बाजूनं. या डाव्या हाताला हिकिते म्हणतात आणि या कागदावरची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

तोल काढणं म्हणजे कुझुशी. उकेचा भार त्याच्या उजव्या टाचेवर, मागच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला पाहिजे. त्यासाठी तोरी डावं पाऊल उकेच्या उजव्या पावलाच्या बाहेर, जवळजवळ त्याच रेषेत टाकतो आणि छातीला छाती भिडवतो. बाही आपल्या कमरेकडे खाली येते, कॉलरवरचा हात उकेला मागे ढकलतो. नवशिक्यांचं गणित इथेच चुकतं. पाऊल अर्ध्यातच पडतं, तोरी कमरेतून मागे राहतो आणि लांबूनच पाय अडकवतो. अशा वेळी तोल तोरीचाच गेलेला असतो, आणि जरा तयार उके त्याच पायावर त्याला उलटा टाकतो. त्याला ओसोतो-गाएशी म्हणतात. दुसरी चूक जास्त त्रासाची आहे. भार टाचेवर न नेता पाय आडवा मारला तर तो झटका रोवलेल्या पायाच्या गुडघ्यात बाजूनं जातो. गुडघ्याचे लिगामेंट त्यासाठी बनलेले नाहीत.

तोल गेल्यावर उजवा पाय पुढे जाऊन मागे येतो, पंजा ताणलेला, पोटरी उकेच्या पोटरीवर किंवा मांडीच्या मागे. तोरीचं डोकं आणि छाती त्याच वेळी पुढे झुकते. पाय मागे आणि डोकं पुढे, हे एकदमच व्हायला हवं. पायाच्या ताकदीवर हा थ्रो करणारे लवकर दमतात.

आणि आता डावा हात. उके खाली जात असताना हिकिते सोडायचा नाही. तो टेकायच्या क्षणी बाही किंचित वर ओढून धरायची, तोरीनं स्वतः दोन पायांवर उभं राहायचं. बाही धरलेली असली की उकेची उजवी बाजू वर राहते, तो थोडा वळून पडतो, डाव्या हातानं थाप मारायला मोकळा असतो आणि त्याचं डोकं शेवटी खाली येतं किंवा येतच नाही. बाही सुटली की सगळं वजन पाठीवर आणि डोक्यावर एकदम. तोरी त्याच्याच अंगावर पडला तर दोघांचं वजन. मोटरसायकलवर मागे बसलेल्या पोराचा हात वळणावर आपण सोडत नाही, तशी ही बाही.

यात जिंकण्याचाही हिशेब आहे. इप्पोन देताना पंच चार गोष्टी बघतात: उके पाठीवर पडला का, वेग होता का, जोर होता का, आणि टेकेपर्यंत तोरीचा ताबा होता का. चौथी अट बाहीवरच्या हाताची आहे. ज्या मुलाचे गुण 'थोडक्यात हुकतात', त्याचा सराव बघा. बहुधा तो शेवटी हात सोडतो. जोडीदाराला जपणं आणि पूर्ण गुण मिळवणं या हातात एकच काम होऊन बसतं. म्हणून "मॅचला जोरात टाकू, सरावाला हळू" असे दोन वेगळे थ्रो शिकू नयेत.

सराव कसा वाढवायचा

आधी उचिकोमी, म्हणजे पाऊल आणि तोल काढणं, फेकायच्या आधी थांबून. मग तिसरा मुलगा उकेच्या मागे उभा राहून त्याला धरतो, तोरी पूर्ण जोर लावून बघतो. त्यानंतर तोरी उकेला एका पायावर तोलून धरतो आणि बाही न सोडता हळूच खाली ठेवतो. हे नीट झालं की नागेकोमी, म्हणजे खरोखर फेकणं, एका वेळी एकच आणि ठरवून. रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज, सगळ्यांत शेवटी. रांदोरीत नवशिक्यावर ओसोतो-गारी टाकू नये. थ्रो कोणता येणार हे त्याला माहीत नसतं आणि हनुवटी आत घ्यायला उशीर होतो. जोड्या वजनानं आणि अनुभवानं लावाव्यात. 'मोठ्याशी खेळला की तयार होतो' हे पुढच्या टप्प्याचं आहे.

व्हिडिओ बघून आलेल्या मुलांवर लक्ष ठेवा. कानी-बासामी, म्हणजे बाजूनं दोन्ही पायांची कात्री घालून पाडणं, मुलांना फार आवडतं. १९८० च्या अखिल जपान स्पर्धेत याच डावात जपानचे नामवंत ज्युदोपटू यासुहिरो यामाशिता यांच्या पायाचं हाड मोडलं होतं. तो डाव आणि कावाझु-गाके, म्हणजे पायाला पाय गुंडाळून मागे पडणं, दोन्ही स्पर्धेत बंद आहेत. सरावातही नकोत.

पडल्यावर डोकं दुखलं तर

"पाणी मार तोंडावर, उठ" हे बंद करा. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, चक्कर, झोपाळूपणा, गोंधळल्यासारखं बोलणं, आत्ता काय झालं ते न आठवणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवसाचा खेळ संपला. वाढत असेल तर थेट रुग्णालयात, घरी नेऊन बघू नका. डोक्याच्या आत रक्त साचत असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून त्या रात्री मूल एकटं झोपू नये. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत मॅटवर नाही. पहिली इजा भरून येण्याआधी बसलेला दुसरा झटका जास्त घातक असतो.

मॅट

थ्रोसाठी आम्ही दाबून घट्ट केलेल्या फोमची, वर दाणेदार व्हिनाइल असलेली चार सेंटीमीटरची मॅट सुचवतो. एकमेकांत अडकणाऱ्या दोन-अडीच सेंटीमीटरच्या ईव्हीए फोमच्या मॅट स्वस्त मिळतात. योग, कराटेच्या पंचेस यांना त्या चालतात, थ्रोला चालत नाहीत. फार मऊ मॅटही नको, कारण तोरीचं पाऊल रुततं आणि घोटा किंवा गुडघा वळतो. नागेकोमीसाठी जाड क्रॅश मॅट जरूर घ्या, पण उके क्रॅश मॅटवर पडला पाहिजे आणि तोरीचे पाय साध्या मॅटवर असले पाहिजेत.

शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर थेट मॅट टाकण्यापेक्षा खाली लाकडी चौकट आणि प्लायवूड असेल तर फार फरक पडतो. बजेट कमी असेल तर जाडीवर नाही, यावर खर्च करा. मॅटांच्या मध्ये बोट जाईल इतकी फट राहिली तर पायाची बोटं त्यात अडकतात, म्हणून कडेनं चौकट ठोकून घ्यावी लागते. स्पर्धेसाठी खेळायची जागा किमान आठ बाय आठ मीटर आणि भोवती तीन मीटरचा सुरक्षित पट्टा असतो. सोसायटीच्या हॉलमध्ये तेवढं शक्य नाही. मग एका वेळी कमी जोड्या फेकायला सोडा आणि खांबांना पॅडिंग करा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी मॅट उभ्या करून खालची बाजू वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

गी

कराटेच्या ड्रेसवर ज्युदो शिकू नका. कापड पातळ, कॉलर मऊ, बाही झटक्यात खांद्यात उसवते, आणि बाही उसवली की हिकिते गेला. ज्युदोची गी सुती, दाणेदार विणीची असते, बगलेत आणि गुडघ्यावर दुहेरी कापड. शिकणाऱ्याला एकेरी विणीची पुरते, स्पर्धेला उतरल्यावर दुहेरी घ्या. बाही मनगटापर्यंत यायला हवी. "मापात दिसावी" म्हणून आखूड करून घेतली तर जोडीदाराला पकडच मिळत नाही. सुती कापड आटतं, म्हणून नव्या गीला माप थोडं सैल ठेवतो आणि पहिली धुलाई थंड पाण्यात करायला सांगतो. मुली आत पांढरा टी-शर्ट घालतात. कडं, बांगड्या, अंगठी, कानातलं, मनगटावरचा गंडादोरा, सगळं काढून मगच मॅटवर. नखं कापलेली.

ऑर्डर देताना आम्हाला हॉलची लांबी-रुंदी, फरशी कसली आहे, दारं आणि खांब कुठे आहेत आणि साधारण किती वयाची मुलं येणार हे सांगा. फोटो पाठवलात तर उत्तम. गीसाठी मुलाची उंची आणि वजन पुरतं. बसवल्यानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मॅट थोड्या सरकून फटी पडतात, त्या बसवून द्यायला आमचा माणूस एकदा येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.