काँग्रेसपासून किती अंतर? समाजवादी फाटाफुटीची पार्श्वभूमी

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला देशभरात १०.५९ टक्के मतं पडली. कम्युनिस्टांना ३.२९ टक्के मिळाली, जनसंघाला ३.०६. मतांच्या हिशेबात काँग्रेसखालोखाल समाजवादीच होते. जागा मात्र त्यांच्या पदरात १२ पडल्या आणि कम्युनिस्टांच्या १६. कम्युनिस्टांनी मोजक्या ठिकाणी ताकद लावली होती. समाजवाद्यांनी २५४ मतदारसंघांत उमेदवार उभे केले आणि मतं सगळीकडे विखुरली. मुंबईत अशोक मेहता पडले. त्यांच्याबरोबर युती करून लढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरही पडले. आपणच देशातला पर्यायी पक्ष आहोत असं मानणाऱ्या कार्यकर्त्यांना हा निकाल फार लागला.

या पराभवाचा अर्थ काय लावायचा, यावरून पक्षात जे वाजलं ते पुढे कधीच पुरतं मिटलं नाही. समाजवाद्यांच्या फाटाफुटीला लोक सहसा अहंकार, हेकेखोरपणा अशी नावं देतात. नेत्यांचे स्वभाव तिखट होते, हे खरंच. पण त्या वादांच्या मुळाशी गेलं की पुन्हा पुन्हा एकच प्रश्न भेटतो : काँग्रेसशी वागायचं कसं? जवळ राहून तिला डावीकडे ओढायचं, की कुणालाही सोबत घेऊन आधी तिला हटवायचं? हा प्रश्न त्यांच्या जन्मातच होता.

काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली ती नाशिक रोडच्या तुरुंगात, १९३२-३३ च्या सुमारास. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे अशी तरुण मंडळी तिथे सविनय कायदेभंगाची शिक्षा भोगत होती. मे १९३४ मध्ये आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली पाटण्याला बैठक झाली, ऑक्टोबरमध्ये मुंबईला पहिलं अधिवेशन भरलं. काँग्रेसचा सदस्य असेल त्यालाच या पक्षात जागा, अशी अट होती. म्हणजे हा पक्षातला पक्ष होता. १९३६ पासून कम्युनिस्टांना दारं उघडली आणि १९४० मध्ये बंद केली. तोवर दक्षिणेतल्या बहुतेक शाखा त्यांच्या हातात गेल्या होत्या. ई. एम. एस. नंबुद्रीपाद हे आधी या पक्षाचेच पदाधिकारी होते.

बेचाळीसच्या भूमिगत लढ्याने समाजवाद्यांना देशभर नाव मिळवून दिलं. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने पक्षांतर्गत गटांना बंदी केली, तेव्हा मार्च १९४८ मध्ये पुन्हा नाशिकलाच भरलेल्या अधिवेशनात बाहेर पडायचा निर्णय झाला. नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेश विधानसभेत निवडून आले होते. पक्ष सोडला तर जागाही सोडली पाहिजे, म्हणून त्यांनी राजीनामे दिले. कायद्याने तसं बंधन नव्हतं. फैजाबादच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने नरेंद्र देवांसमोर बाबा राघवदासांना उभं केलं. राघवदास मूळचे पुण्याचे, पूर्व उत्तर प्रदेशात संत म्हणून पूजले जाणारे. आचार्य नास्तिक आहेत, असा प्रचार झाला आणि आचार्य पडले. नव्या पक्षाच्या निवडणूक राजकारणाची ही सुरुवात.

सप्टेंबर १९५२ मध्ये कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष आणि समाजवादी पक्ष एकत्र आले आणि प्रजासमाजवादी पक्ष झाला. निशाणी झोपडी. दोघांची मिळून मतं सोळा टक्क्यांच्या वर होती. पण पुढच्याच वर्षी नेहरूंनी जयप्रकाशांशी सहकार्याची बोलणी सुरू केली. जयप्रकाशांनी चौदा कलमी कार्यक्रम पुढे ठेवला. बोलणी फिसकटली, पण त्यांची धग पक्षात राहिली. जून १९५३ मध्ये बैतूलच्या मेळाव्यात सरचिटणीस अशोक मेहतांनी मांडलं की मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकारणाला स्वतःच्या काही निकडी असतात. देश उभा करायचा तर सरकार आणि विरोधक यांनी सहमतीची क्षेत्रं शोधावीत. पक्षातले दुसरे मोठे नेते राममनोहर लोहिया यांना हे अजिबात पटलं नाही. काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांपासून आपण सारख्याच अंतरावर असलं पाहिजे, असं ते म्हणत. माझ्या मते पुढची पंचवीस वर्षं या पक्षांत जे जे झालं, त्याची मांडणी बैतूललाच झाली होती.

पण ठिणगी पडली ती दूर त्रावणकोर-कोचीनमध्ये, म्हणजे आजच्या केरळच्या बाजूला. मार्च १९५४ मध्ये पट्टम थाणू पिल्लै यांचं प्रजासमाजवादी सरकार तिथे आलं. विधानसभेत पक्षाचे आमदार अवघे १९. सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर तगलेलं. राज्याच्या दक्षिणेकडच्या तमिळभाषक तालुक्यांत मद्रास राज्यात सामील होण्यासाठी आंदोलन चालू होतं. ११ ऑगस्टला पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली. लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते आणि उत्तर प्रदेशातल्या पाटबंधारे दरवाढीविरुद्धच्या सत्याग्रहात तुरुंगात होते. तिथूनच त्यांनी पिल्लै सरकारने राजीनामा द्यावा आणि चौकशी करावी, असं कळवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. काँग्रेस सरकारांच्या प्रत्येक गोळीबारानंतर आपण राजीनामा मागतो. मग आपल्या सरकारला वेगळा न्याय कसा? दुसरी बाजू सांगत होती की देशातलं आपलं एकमेव सरकार असं फेकून द्यायचं नसतं, आणि सरचिटणीसाने मुख्यमंत्र्याला परस्पर हुकूम सोडायचा नसतो. नोव्हेंबरमध्ये नागपूरला खास अधिवेशन भरलं. बहुमत लोहियांच्या विरोधात गेलं. त्याआधीच त्यांनी सरचिटणीसपद सोडलं होतं. ज्या सरकारसाठी हे सगळं झालं, ते फेब्रुवारी १९५५ मध्ये पडलं.

लोहियांच्या भूमिकेत तत्त्व होतं, याबद्दल मला शंका नाही. आणि सत्ता हातात आली की तिच्यासोबत पोलीसही येतात, हे पक्षाने आधी कधी नीट बोलून घेतलं नव्हतं, हेही तितकंच खरं. त्यामुळे पहिल्याच प्रसंगी सगळं नैतिक ओझं एका माणसाच्या एका निरोपावर येऊन पडलं.

त्यातच जानेवारी १९५५ मध्ये आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. मेहतांच्या गटाला यात सहकार्याची वाट दिसली. मुंबईत तरुण मधू लिमये यांनी मेहतांवर उघड टीका केली, म्हणून मुंबई शाखेने त्यांना निलंबित केलं. उत्तर प्रदेशच्या शाखेने मुद्दाम लिमयेंनाच आपल्या गाझीपूर अधिवेशनाच्या उद्घाटनाला बोलावलं, तर त्या शाखेवर कारवाई झाली. मग लोहियांवर. १९५५ च्या अखेरीला हैदराबादमध्ये लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष स्थापन केला.

याच काळात गोव्याचा सत्याग्रह चालू होता. १८ मे १९५५ रोजी ना. ग. ऊर्फ नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. नानासाहेबांना मारहाण झाली, दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलैमध्ये मधू लिमये गेले. त्यांना बारा वर्षांची. एक प्रजासमाजवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता, दुसरा त्याच पक्षाने दूर केलेला, आणि दोघे पोर्तुगीजांच्या तुरुंगात. महाराष्ट्रातल्या समाजवाद्यांचं हेच मोठेपण होतं. लढ्यात एकत्र यायला त्यांना कधी अडचण आली नाही. ठराव आणि तिकिटं यांपाशी ते फुटत.

१९५७ मध्ये दोघे सुटून आले. तोवर संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी होते, बरोबर कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. त्या लाटेत एसेम पुण्यातून मुंबई विधानसभेवर गेले, तुरुंगातून नुकतेच आलेले नानासाहेब पुण्यातून लोकसभेवर आणि बॅरिस्टर नाथ पै राजापूरहून. देशात मात्र प्रजासमाजवादी पक्ष १९ जागा आणि १०.४ टक्क्यांवर थांबला. विलीनीकरणाच्या वेळची एकत्रित सोळा टक्के मतं टिकली नव्हती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर समितीचा जोर ओसरला, आणि १९६२ मध्ये २६४ जणांच्या विधानसभेत पक्षाचे ९ आमदार उरले. लोकसभेत १२. त्याच वर्षी फुलपूरला लोहिया नेहरूंकडून हरले. अशोक मेहतांनी १९६३ मध्ये नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद घेतलं आणि पुढच्या वर्षी ते अनुयायांसह काँग्रेसमध्ये गेले. बैतूलच्या मांडणीचा एक धागा असा तर्काच्या शेवटापर्यंत पोचला.

मेहता गेल्यावर उरलेल्यांना एकत्र यायला हरकत नव्हती. जून १९६४ मध्ये दोन्ही पक्ष मिळून संयुक्त समाजवादी पक्ष, म्हणजे संसोपा झाला. अध्यक्ष एस. एम. जोशी. सात-आठ महिनेही गेले नाहीत. जानेवारी १९६५ च्या वाराणसी अधिवेशनात जुन्या प्रजासमाजवाद्यांतला मोठा गट उठून गेला आणि त्यांनी आपला पक्ष पुन्हा जिवंत केला. लोहियांचा बिगरकाँग्रेसवाद, म्हणजे काँग्रेसला हटवण्यासाठी सगळ्या विरोधकांनी हातमिळवणी करायची ही भूमिका, त्यांना नको होती. जनसंघाशी किंवा कम्युनिस्टांशी समझोते करायची त्यांची तयारी नव्हती. त्या पुनरुज्जीवित पक्षाचे अध्यक्ष झाले ना. ग. गोरे.

एसेम आणि नानासाहेब हे पुण्यातले तरुणपणापासूनचे सोबती. तुरुंग, सेवादल, समिती सगळं बरोबर केलेलं. आता एक संसोपाचा अध्यक्ष, दुसरा प्रजासमाजवादीचा. एसेम मूळचे प्रजासमाजवादी असूनही एकीकरणाचा शब्द मोडायचा नाही म्हणून थांबले. नाथ पै आणि मधु दंडवते नानासाहेबांकडे, जॉर्ज फर्नांडिस आणि मधू लिमये संसोपात. गावोगावच्या कार्यकर्त्यांना आपल्याच शिबिरातल्या मित्राविरुद्ध प्रचार करावा लागला. महाराष्ट्रातल्या समाजवादी चळवळीचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं. नेत्यांची मैत्री टिकली, पण तालुक्यातली शाखा तुटली ती तुटलीच.

१९६७ ने थोडं उलट चित्र दाखवलं. संसोपाला लोकसभेत २३, प्रजासमाजवादींना १३. दक्षिण मुंबईत जॉर्जनी स. का. पाटलांना हरवलं. उत्तरेत संसोपाने “पिछड़े पावें सौ में साठ” ही घोषणा घेऊन मागास जातींत पाय रोवले, आणि बिहारच्या बिगरकाँग्रेस सरकारात कर्पूरी ठाकूर उपमुख्यमंत्री झाले. पण लोकसभेवर निवडून आलेल्याने राज्यात मंत्री होऊ नये, हा पक्षाचा दंडक होता. बी. पी. मंडल खासदार असून बिहारमध्ये मंत्री झाले. लोहियांनी हरकत घेतली, तेव्हा मंडल यांनी शोषित दल काढून सरकारच पाडलं आणि १९६८ मध्ये स्वतः मुख्यमंत्री झाले. हे पाहायला लोहिया नव्हते; १२ ऑक्टोबर १९६७ ला ते गेले होते.

१९७१ च्या इंदिरा लाटेत दोन्ही पक्ष आडवे झाले. संसोपा ३, प्रजासमाजवादी २. मतं मिळून साडेतीन टक्क्यांच्या आत. जॉर्ज पडले, लिमये पडले. प्रजासमाजवादींच्या दोन जागांतली एक होती राजापूर, जिथे नाथ पैंच्या अकाली निधनानंतर मधु दंडवते उभे होते. ऑगस्टमध्ये दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले. पुढच्याच वर्षी राजनारायण यांचा गट फुटला.

आणीबाणीनंतर समाजवादी पक्ष १ मे १९७७ रोजी जनता पक्षात विसर्जित झाला. आता जुना प्रश्न उलटा झाला : काँग्रेसला हटवण्यासाठी ज्यांना सोबत घेतलं, त्यांच्याबरोबर राहायचं का? जनता पक्षात राहून संघाचं सदस्यत्व ठेवता येणार नाही, हा मुद्दा मधू लिमयेंनी लावून धरला. पूर्वीचे जनसंघीय सोडायला तयार नव्हते. जुलै १९७९ मध्ये अविश्वासाच्या चर्चेत जॉर्जनी मोरारजी सरकारचं जोरदार समर्थन केलं आणि काही दिवसांतच ते राजीनामा देऊन चरणसिंगांच्या बाजूला गेले. एसेम आणि दंडवते जनता पक्षातच राहिले. पुन्हा तेच सोबती, पुन्हा दोन पक्ष.

लिमयेंचा मुद्दा बरोबर होता, असं मी मानतो. पण तो विलीनीकरणाच्या आधी मांडायला हवा होता. सरकार चालू असताना तो आला, आणि त्याचा लाभ चरणसिंग आणि राजनारायण यांच्या महत्त्वाकांक्षेला झाला. १९८० मध्ये जनता पक्षाचे ३१ खासदार उरले आणि काँग्रेस परतली.

त्यानंतरची यादी भराभर वाढते. १९८८ मध्ये जनता दल, १९९२ मध्ये मुलायमसिंगांचा समाजवादी पक्ष, १९९४ मध्ये जॉर्ज आणि नितीशकुमारांची समता पार्टी, १९९७ मध्ये लालूंचं राष्ट्रीय जनता दल, मग संयुक्त आणि सेक्युलर असे दोन जनता दल. राजापूरने दंडवतेंना १९७१ पासून सलग पाच वेळा दिल्लीला पाठवलं आणि १९९१ मध्ये पाडलं. १९९६ ला तिथून शिवसेनेचे सुरेश प्रभू आले. २०२४ च्या लोकसभेत समाजवादी पक्षाचे ३७, संयुक्त जनता दलाचे १२, राष्ट्रीय जनता दलाचे ४ आणि सेक्युलर जनता दलाचे २ खासदार निवडून आले. त्यांतले ४१ काँग्रेसच्या आघाडीत होते आणि १४ भाजपच्या.