बोल्टवर चार गवे

निवडणूक आटोपली की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात लोक वाळपईला जाऊन आपापल्या बंदुका सोडवून आणतात. आचारसंहितेच्या काळात त्या पोलीस ठाण्यात जमा असतात. बहुतेक एकनळी नाहीतर दुनळी, शेत-कुळागर राखायच्या परवान्यावरच्या. आमच्या वाड्यावरच्या भाईंकडे मात्र रायफल आहे. यंदा ती सोडवून ते घरी न जाता थेट माझ्याकडे आले. मी जन्मभर धातुशास्त्र शिकवलं, त्यामुळे लोखंडाला ताप आला तरी नाडी मलाच कळते असा त्यांचा समज आहे.

रायफल देखणी. अक्रोडाचा दस्ता, मुठीपाशी हाताने कोरलेली बारीक जाळी, १८९८ च्या माउझर धाटणीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून नळी बंद करणारी सरकती दांडी. भाईंच्या आजोबांनी ती बेळगाव सोडून निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून घेतली होती. नळीवर ‘.२७५’ असा आकडा आहे, हा नळीचा व्यास इंचांत, म्हणजे सुमारे ७ मिमी. .२७५ रिग्बी हे जर्मन ७×५७ माउझर काडतुसाचं इंग्रजांनी केलेलं बारसं. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची. म्हणजे काडतूस काही ऐरंगैरं नव्हे.

पण आता ते मिळवायचं कुठून? भाईंच्या पत्र्याच्या डब्यात अकरा उरलीत, तीही आजोबांच्या वेळची. मुलगा बंगळुरूला असतो. त्याने सुचवलं, नळी ७ मिमीचीच राहू द्या, मागची काडतूस बसायची जागा तेवढी कोरून घ्या, म्हणजे ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम बसेल. १९६२ चं काडतूस, वेगवान, लांब पल्ल्याचं.

“मास्तर, भोकच थोडं मोठं करायचं ना?” भाई म्हणाले.

भोक मोठं होतं, लहान होत नाही, ही यातली पहिली मेख. काडतूस बसतं त्या जागेला चेंबर म्हणतात आणि ते रीमर नावाच्या हत्याराने कोरतात. रीमर धातू काढतो, घालत नाही. त्यामुळे नव्या काडतुसाचा आकार जुन्यापेक्षा सगळीकडून मोठा असेल तरच काम जमतं. नळीचा व्यास तर त्याहून हट्टी. आपल्याकडच्या सरकारी कारखान्यांत .३०-०६ या अमेरिकी काडतुसाच्या रायफली बनतात, म्हणून ते काडतूस भाईंना जवळचं वाटत होतं. पण त्याची गोळी ७.८ मिमीची आणि या ७ मिमीच्या नळीला लागते ती, घट्ट बसावी म्हणून किंचित जाड, ७.२ ची. त्यासाठी नळीच नवी हवी. मुलाची सूचना त्या मानाने हुशारीची होती, मापात बसणारी.

मापात बसणं आणि झेपणं यांत फरक आहे. बार उडतो तेव्हा वायू गोळीला पुढे ढकलतो, तेवढ्याच दाबाने काडतुसाचा बुडखा मागे बोल्टवर रेटतो. ७×५७ ची अमेरिकी कमाल मर्यादा चौरस इंचाला ५१,००० पौंड आहे, मॅग्नमची ६१,०००. आकडा वीस टक्क्यांनी वाढला, एवढंच वरवर दिसतं. पण मॅग्नमचा बुडखाही जाड असतो, १२ च्या जागी सुमारे १३ मिमी. दाबाला क्षेत्रफळाने गुणा. जुन्या काडतुसाचा बोल्टवर रेटा येतो चार टनांच्या आसपास, नव्याचा जवळजवळ पावणेसहा टन. थोराड गवा साधारण टनभर वजनाचा धरा. म्हणजे आज बोल्टला अडकवून धरणाऱ्या त्याच्या दोन खुंट्यांवर क्षणभर चार गवे उभे राहतात, उद्या पावणेसहा राहतील. वाढ चाळीस टक्क्यांची झाली.

हा हिशेब वरच्या टोकाचा आहे. प्रत्यक्षात पितळेचं काडतूस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं आणि रेट्याचा काही भाग भिंत पेलते. पण भिंत कोरडी असेल तरच. आपल्याकडे पावसाळ्यात बंदुकीला आतून-बाहेरून तेल चोपडून ठेवतात. ते चेंबरमधून पुसल्याशिवाय बार टाकला तर पितळेची पकड सुटते आणि सगळे गवे बोल्टवरच चढतात.

“पण माउझर मजबूत असते, सगळेच म्हणतात,” भाई म्हणाले. खरं आहे, रचना मजबूत आहे. पोलादाबद्दल मात्र सरसकट बोलता येत नाही. त्या काळी कमी कार्बनचं पोलाद घेऊन त्याची फक्त वरची कातडी कडक करत. आत मऊ, वर कठीण, आपल्या कोयत्याच्या धारेसारखं. ती कातडी पातळ पडली किंवा गाभा फारच मऊ राहिला, तर जास्त रेट्याखाली बोल्टच्या खुंट्या समोरच्या धातूत हळूहळू रुततात. मग बोल्ट उचलायला जड जातो आणि काडतुसामागे मोकळी जागा वाढते. ही जागा तपासायला दोन गेज असतात, एकावर बोल्ट बंद व्हायलाच हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. .३०-०६ मध्ये या दोन गेजांतला फरक जेमतेम ०.१ मिमी आहे. जाड केसाएवढ्या रुतण्यानेच खेळ बिघडतो.

उलट टोकाचा किस्सा अमेरिकेतला. तिथल्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात १९०३ च्या रायफलीचं पोलाद तापवताना कारागीर तापमान डोळ्यांनी, रंगावरून ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेलं लोखंड फिकं दिसतं, म्हणून ते आणखी तापवलं जाई. पहिल्या महायुद्धात रायफली फुटायला लागल्या तेव्हा तापमापक लावून पाहिलं. चूक कधीकधी १६५ अंश सेल्सिअसपर्यंत होती. पोलाद जळून ठिसूळ झालं होतं. पुढे प्रक्रिया बदलली, आणि ८,००,००० च्या आतल्या क्रमांकाची स्प्रिंगफील्ड अजूनही जाणकार झाडत नाहीत. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे. रायफलीचं बळ ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी आभाळ कसं होतं हे तिच्यावर कुठेही कोरलेलं नसतं.

जुन्या कागदांवरचे दाबाचे आकडेही फसवतात. पूर्वी तांब्याचा लहानसा ठोकळा किती चेपला यावरून दाब मोजत, आता विद्युत संवेदकाने मोजतात. ७×५७ ची मर्यादा तांब्याने ४६,००० येते आणि संवेदकाने ५१,०००, काडतूस तेच. एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून ‘अजून वाव आहे’ म्हणणारे मी पाहिलेत.

आता दुसरी बाजू. काडतूस बदलणं हे काही पाप नव्हे. गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालनेच ते केलं. त्यांच्या सैन्याची १९०४ ची माउझर-व्हेर्गेइरो ६.५ मिमीची होती. १९३० च्या दशकात जर्मन रायफल स्वीकारल्यावर जुन्यांपैकी बऱ्याचशा ७.९२ मिमीच्या जर्मन काडतुसासाठी बदलून घेतल्या. पण तिथे मूळ नकाशे होते, कारखाना होता, एकाच साच्याच्या हजारो रायफली होत्या. त्यांतल्या दोन-चार चाचणीत फोडल्या तरी चालण्यासारखं होतं. भाईंकडे एकच आहे.

आणि नळी कोरली की प्रूफ हाऊसच्या शिक्क्यालाही अर्थ उरत नाही. तो जुन्या काडतुसासाठी जास्त दाबाचा बार टाकून घेतलेल्या परीक्षेचा शिक्का असतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार असा बदल परवानाधारक कारागिरानेच करायचा असतो, आणि परवान्यावरच्या नोंदीचं काय हे आधी त्या कार्यालयात विचारून यावं लागतं. ओळखीच्या लेथवाल्याकडे जाऊन उरकायचं हे काम नव्हे.

एवढं बोलून झाल्यावर मी चेंबरचा साचा घेतला. सुमारे ७० ते ९० अंशांत वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू असतो, तो चेंबरमध्ये ओतायचा. थिजताना आधी तो आक्रसतो, म्हणून सहज निघतो, मग सावकाश फुगत तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापावर येतो. तेवढ्यात आमचा चहा झाला.

टेबलावर चांदीच्या बोटासारखा तुकडा पडला. मापं ७×५७ चीच. पण पुढच्या टोकाशी, जिथून नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, सुरू होतात, तिथे घामोळ्यासारखं बारीक पुरळ होतं. साच्यावर उंचवटा म्हणजे पोलादात खड्डा. जुन्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे क्षार उरतो, जवळजवळ मिठाचाच भाऊ. तो हवेतली ओल शोषतो आणि लोखंड खातो. भाईंचे आजोबा प्रत्येक वेळी नळीला तेल द्यायचे, पण तेलात मीठ विरघळत नाही, हे फोडणी देणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्याला उकळतं पाणी लागतं. सत्तरीचे इतके पावसाळे त्या क्षाराने आत बसून काढले होते.

मी म्हटलं, मॅग्नमचा नाद सोडा. ७×५७ आजही झेक आणि सर्बियन कारखान्यांत बनतं, परवान्याच्या दुकानातून मिळतंय का विचारा, आणि त्याआधी हे खड्डे कुणा जाणत्या कारागिराला दाखवा. त्या अकरांपैकी एकही झाडू नका.

भाईंनी साचा उचलला, त्या पुरळावरून अंगठा फिरवला. “हे आमच्या आजोबांचं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तो तुकडा रुमालात गुंडाळला आणि पत्र्याच्या डब्यात त्या अकरांशेजारी ठेवला.