जुनी फायबरग्लास बोट ‘जाड, म्हणून अमर’?

शिडाची जुनी बोट घ्यायला निघालात की हे हमखास ऐकू येतं: ‘साठच्या दशकातली बोट घ्या. तेव्हा फायबरग्लासची ताकद कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून दुप्पट जाड बांधायचे. तिला काही होत नाही.’

यातलं जाडीचं खरं आहे, कारण मात्र चुकीचं. अमेरिकी नौदल १९४०च्या दशकापासूनच या बोटी वापरत होतं आणि १९६० मध्ये गिब्स अँड कॉक्स या जहाज-आरेखन कंपनीने त्यांच्या रचनेची जाडजूड पुस्तिकाच काढली. फायबरग्लास मजबूत असतं, पण लवचिक. हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, वाकू नये म्हणून जाडी लागते. अज्ञानाचा इथे फारसा संबंध नाही.

आणि दुखणं हलमध्ये नसतंच मुळी, ते असतं डेकमध्ये! कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली पिअर्सन ट्रायटन (१९५९) घ्या. तिच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड आहे. कठड्याच्या खांबांच्या बोल्टभोवतीचं सीलंट सुकलं की पाणी आत झिरपतं, लाकूड कुजतं आणि वरून डेक चकचकीतच दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा: टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर सौदा करताना भाव पाडा.

दुरुस्ती किचकट, पण अवघड नाही. कुजकं काढून, कोरडं करून नवा गाभा बसवायचा. बोल्टचं भोक मोठं करून घट्ट इपॉक्सीने भरायचं आणि त्यातच पुन्हा पाडायचं, म्हणजे पाण्याला लाकूड सापडत नाही.