कोकणातला रोजगार (रत्नागिरी-सिंधुदुर्ग)

कोकणातल्या रोजगाराबद्दल बोलायचं तर सुरुवात मुंबईच्या गिरणगावापासूनच करावी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग (१ मे १९८१ पर्यंत हा एकच जिल्हा होता) इथल्या कितीतरी घरांतला एखादा तरी माणूस मुंबईत कापड गिरणीत असायचा आणि घर चालायचं त्याच्या मनीऑर्डरवर, गावची शेती म्हणजे काही महिन्यांच्या भाताची सोय आणि वरकस (डोंगरउतारावरच्या हलक्या) जमिनीत थोडी नाचणी-वरी, तीही बायका आणि म्हाताऱ्यांच्या जिवावर. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेच जण परत गिरणीत गेलेच नाहीत. काही चाकरमानी गावाला आले, पण गावात काम होतं कुठे?

ते आलं आंबा-काजूमुळे. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवडीला १०० टक्के अनुदान मिळायला लागलं आणि लोकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे मारले, माती भरली आणि कलमं लावली. हापूसच्या बागेत साफसफाई, खत, मोहोर आला की फवारण्या, मग झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) काढणी, पेट्या भरणं अशी कामं असतात. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) हे काम करणारा आणि बागेची राखण करणारा माणूस आता बऱ्याचदा नेपाळी असतो, हंगामाला येतो आणि पावसाच्या तोंडावर परत जातो. बागायतदार म्हणतात गडी मिळत नाही, ते खरंच आहे, पण सहा महिन्यांच्या मजुरीत बारा महिने कसे काढायचे हे कोणी सांगत नाही, मग पोरगा ठाणे-पुणे गाठतो. २००१ ते २०११ च्या जनगणनांमध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गची पण घटली. २०११ ला रत्नागिरीत दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, म्हणजे कोण बाहेर गेलं ते वेगळं सांगायला नको.

मासेमारीत पण तेच. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला पूर्वी अख्खी वाडी लागायची, आता ट्रॉलर आणि पर्ससीन (मासळीचा थवाच घेरणारी मोठी जाळी) आले, मालक इथला पण खलाशी नेपाळ नाहीतर कर्नाटकातला. पर्ससीनवर २०१६ ला निर्बंध आले तरी पारंपरिक मच्छीमारांचं भांडण मिटलेलं नाही.

पर्यटनाने मात्र थोडे स्थानिक हात गावातच थांबवले. सिंधुदुर्ग १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली, आणि मालवण-तारकर्लीत काही मच्छीमारांच्या पोरांनी स्कूबा, बोटिंग, घरगुती राहणं-जेवण असं सुरू केलं. पण दिवाळी, नाताळ आणि मे सोडला तर शांतता, आणि पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी पण बंद, मग उरते फक्त भाताची लावणी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या केमिकल कारखान्यांनी बारमाही पगार दिला, जरी कंत्राटी कामगार भरपूर आणि खाडीतली मासळी गेली ही मच्छीमारांची तक्रार जुनीच. पावसातही चालणारं दुसरं काम म्हणजे काजू कारखाने, तिथे बी आफ्रिकेतून पण येते त्यामुळे हंगाम संपला तरी काम थांबत नाही, आणि सोलायला-निवडायला बहुतेक आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकाच असतात.