निवृत्त शिक्षक पुन्हा शाळेत : पेन्शन आणि तीन शब्दांचा घोळ

महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळांना पेन्शन लागू झाली ती 1 एप्रिल 1966 पासून. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची व्यवस्था निराळी, त्यामुळे निवृत्त शिक्षक पुन्हा शाळेत लागला तर पेन्शनचे काय, हा प्रश्न मुख्यतः त्याआधीच्या भरतीचा.

मुदतवाढ, पुनर्नियुक्ती आणि करार हे शब्द कार्यालयांत सर्रास एकाच अर्थाने फिरतात. मुदतवाढीत निवृत्तीच पुढे जाते, पेन्शन सुरूच झालेली नसते. पुनर्नियुक्तीत माणूस पेन्शन घेत वेतनश्रेणीत परततो. तिथे जुने तत्त्व असे, की नवा पगार आणि पेन्शन यांची बेरीज शेवटच्या पगारावर जाऊ नये. फसगत होते ती वजावटीत. शेवटचे मूळ वेतन 60,000, पेन्शन 30,000 आणि 40 टक्के अंशराशीकरण केले (म्हणजे तेवढा भाग आगाऊ एकरकमी घेतला) असेल, तर हातात मूळ पेन्शन 18,000 च येते. पगारातून वजा मात्र पूर्ण 30,000 धरतात. महागाई भत्ताही पगार आणि पेन्शन अशा दोन्हींवर एकाच वेळी मिळत नाही.

करारावर यातले काहीच लागू नाही. एकत्रित मानधन, पेन्शन आणि तिच्यावरची महागाई वाढ पूर्ण. ही सेवा पेन्शनला धरत नाहीत, पेन्शन नव्याने काढली जात नाही, ग्रॅच्युइटी दुसऱ्यांदा नाही. अंशराशीकृत भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो, ती मुदतही हलत नाही.

जुलै 2023 चा निर्णय याच वाटेने आला : जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षक, कमाल वय 70, मानधन दरमहा 20,000, शिवाय कायमपणाचा हक्क मागणार नाही असे बंधपत्र. त्याच वर्षी प्राथमिकच्या नव्या शिक्षणसेवकाचे मानधन वाढून 16,000 झाले होते. पेन्शनवाल्याला वर 20,000 आणि भरतीची वाट पाहून लागलेल्याला तीन वर्षे 16,000! उमेदवारांचा संताप समजण्यासारखा होता. 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी 15,000 चे मानधन आले, तेव्हा तोच वाद पुन्हा पेटला.

पेन्शनधारकाने आदेशातला शब्द तपासावा. ‘करार पद्धतीने, एकत्रित मानधनावर’ याऐवजी नुसते ‘पुनर्नियुक्ती’ पडले, की कोषागाराला महागाई वाढ थांबवायला कारण मिळते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासोबत नोकरीचा रकाना असेल तर तो कोरा सोडू नये. आदेशाची प्रत जोडावी. मानधनाची नोंद कोषागाराच्या करकपातीत नसते, म्हणून विवरणपत्रात ते पेन्शनमध्ये मिळवून कर स्वतःच काढावा लागतो.